गोड्या पाण्याचे नमुने

४ फेब्रुवारी

मास्तर,

पत्र बघून दचकू नकोस, घरी सगळे ठीक आहेत. रोज फोनवर बोलतो तरी हे कागदाचं खूळ कशाला, असं तुला वाटेल. पण रोज आपण बोलतो ते काय बोलतो? फोन तुझ्या आईच्या हातात असतो, आवाज सगळ्या खोलीभर, आणि मी स्वयंपाकघराच्या दाराला टेकून "हो, अहो, जेवले" एवढं म्हणते. ज्याला मी स्टाफरूममध्ये सगळ्यांदेखत अरेतुरे करायचे, त्याला अहो म्हणताना अजूनही माझी जीभ अडखळते. ई-मेल करावा तर तुझा पत्ता त्या प्रकल्पाचा. तो इनबॉक्स तिथे चारचौघं उघडतात हे तूच सांगितलं होतंस. म्हणून हे.

एका वर्षासाठी म्हणून गेलास. आपल्या कॉलेजची त्या परदेशी विद्यापीठाशी भागीदारी झाली तेव्हा प्राचार्यांनी भाषणात "दोन्ही बाजूंनी माणसं जातील-येतील" असं सांगितलं होतं. जाणं झालं. येण्याचं कोणी काढत नाही. वर्षाचं दुसरं वर्ष झालं आणि आता तुझे तास मी घेते, तुझ्या प्रयोगशाळेची किल्ली माझ्या पर्समध्ये असते, आणि दर महिन्याला बसने खाडीकाठच्या वस्तीवर जाऊन खाऱ्याचं गोडं करणाऱ्या तुझ्या प्लांटच्या पाण्याचे नमुने मीच आणते. घरी आल्यावर तुझ्या वडिलांची औषधं. तुझी आई येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगते, "ही इथे आहे म्हणून तो तिकडे निर्धास्त आहे." कौतुकानेच सांगते बिचारी. पण ते ऐकलं की मला कोणीतरी बाहेरून कडी लावल्यासारखं होतं.

प्लांट चालू आहे. नमुने परवा पाठवले, मिळाले की कळव. पंपवाल्याच्या बायकोला दिवस गेलेत, आता बरेच भरत आले. मी गेले की अजूनही आपली खुर्ची मला देते आणि स्वतः पायरीवर बसते. तुझी आठवण काढत होती. म्हणाली, मास्तरांनी पहिल्या दिवशी नळ सोडला तेव्हा ते स्वतःच भिजले होते.

बाकी सर्व ठीक.


२६ फेब्रुवारी

मास्तर,

तुझं उत्तर आलं, चार ओळींचं. नमुने उत्तम आहेत, उंचबाई खूश आहेत. वस्तीतल्या बायकांनी तुझ्या प्राध्यापकबाईंना ठेवलेलं नाव तिकडेही चालतं हे वाचून गंमत वाटली.

नमुने उत्तम असणारच. ते मी घरी बनवले आहेत, म्हणजे कॉलेजात. गेल्या पत्रात "प्लांट चालू आहे" असं लिहिलं तेव्हा आपल्या दोघांनाही खरं माहीत होतं. मग मी ते कोणासाठी लिहिलं? मला वाटतं, सवयीने.

नोव्हेंबरात आतला मेम्ब्रेन चोंदला. तोच तो पडदा, ज्याच्या अलीकडे मीठ राहतं आणि पलीकडे पाणी जातं. तेव्हापासून प्लांट बंद आहे. नवा पडदा तुमच्या तिकडूनच यायला हवा. तुझ्या विद्यापीठाचं म्हणणं, आम्ही संशोधनाला मदत करतो, दुरुस्ती स्थानिक भागीदाराची. स्थानिक भागीदार म्हणजे आपले प्राचार्य. त्यांचं म्हणणं, यंत्र त्यांचं, आपण नुसते यजमान. पंपवाला रोज प्लांटचं कुलूप उघडतो, फरशी पुसतो आणि कुलूप लावतो. लोक पुन्हा जुन्या विहिरीवर. ते पाणी मी चाखलं. मचूळ नाही, सरळ खारट आहे.

हे सगळं मी तुला फोनवर सांगितलं तेव्हा तुझी आई शेजारी बसली होती. तू एवढंच म्हणालास, "नमुने नेहमीसारखे येऊ देत." नेहमीसारखे म्हणजे कसे ते मला कळलं. प्रयोगशाळेतलं शुद्ध पाणी बाटल्यांत भरलं. फारच शुद्ध दिसायला नको म्हणून प्रत्येकीत मिठाची कणी टाकली. एम.एस्सी.ला मला पदक मिळालं होतं, आठवतंय?

आता माझी गोची ऐक. मी उंचबाईंना खरं कळवलं तर तुझं तिथलं काम थांबेल आणि तू परत येशील. तू परत यावंस हे मला इतकं हवंय की नुसत्या त्यासाठीच मी उद्या कळवीन. म्हणूनच मला कळवता येत नाही. जन्मभर तू मनात धरशील की हिने मला ओढून आणलं. तोंडाने म्हणणार नाहीस, ते आणखी वाईट. आणि न कळवावं तर दर महिन्याला मी माझ्याच हातांनी तुला तिकडे आणखी घट्ट बांधते.

यावर तुझं काय म्हणणं आहे ते फोनवर सांगू नकोस. लिही.


१९ मार्च

मास्तर,

तू लिहिलं नाहीस. कामात असशील.

पंपवाल्याच्या बायकोचं बाळ गेलं. शेवटचे काही दिवस तिचे पाय सुजले होते, डोकं दुखायचं. वस्तीतल्या नर्सबाईंनी रक्तदाब बघितला आणि लगेच मोठ्या हॉस्पिटलात न्यायला सांगितलं. नेईपर्यंत पोटातली हालचाल थांबली होती. ती वाचली. मुलगी होती.

मी तिला भेटायला गेले. ती आत निजली होती, तोंड भिंतीकडे. पंपवाला बाहेर बसला होता. मला बघून उठला, किल्ली घेतली आणि म्हणाला, "चला, नमुने घ्यायचे असतील." मास्तर, त्याला वाटलं मी नमुन्यांसाठी आले. मी त्याच्यामागे गेलेही. त्याने दार उघडलं, आणि मी त्या कोरड्या नळासमोर उभी राहिले.

पाण्यामुळेच झालं असं मी म्हणत नाही. मी रसायनशास्त्र शिकवते, डॉक्टर नाही. पण खाऱ्या पाण्याने गरोदर बायकांचा रक्तदाब वाढतो का, हेच शोधायला तू हा प्रकल्प मांडलास ना? तुझ्या अर्जातलं पहिलं पान मीच टाइप केलं होतं. तुमच्या कागदांवर या वस्तीत सगळ्या बायका गोडं पाणी पितात. तेव्हा तिचं बाळ तुमच्या हिशेबात कुठे बसेल? गोड्या पाण्याच्या रकान्यात.

हे तुला फोनवर सांगितलं, तुझी आई असताना सांगितलं. मग म्हणालास, "फार वाईट झालं. पण आत्ता काही लिहून पाठवू नकोस, उंचबाई एप्रिलमध्ये तिकडे येतायत." आईंनी फोन ठेवला आणि मला म्हणाल्या, "त्याला तिकडे एकट्याला असं काही सांगत जाऊ नकोस गं. त्याला जेवण जात नाही मग."

आज प्राचार्यांनी बोलावलं होतं. पाहुण्या येणार म्हणून इमारतीला रंग देतायत. मला म्हणाले, दुभाषी तुम्हीच, दोन्हीकडची माणसं तुम्हाला ओळखतात. प्लांटचं काय, विचारलं. ते म्हणाले, त्याची सोय होईल. सोय म्हणजे टँकर. आदल्या दिवशी वरची टाकी भरायची, नळ सोडला की पाणी. मी म्हटलं, सर, हे बरोबर नाही. ते म्हणाले, "तुमच्या घरचं माणूस तिथे आहे, तुम्हालाच काळजी जास्त असायला हवी." बाहेर येताना ओल्या रंगाला हात लागला. अजून निघत नाहीये.


११ एप्रिल

मास्तर,

तुझ्या कानावर आलंच असेल. तरी माझ्याकडून ऐक, कारण तिकडे ते कसं पोचलं असेल कोण जाणे.

उंचबाई खरंच उंच आहेत, प्लांटच्या दारातून वाकून आत गेल्या. पंपवाल्याने नळ सोडला. पाणी आलं. टाळ्या वाजल्या. त्या पेलाभर प्यायल्या आणि खूश होऊन बाहेर बायका उभ्या होत्या तिकडे वळल्या. मागे भिंतीला टेकून पंपवाल्याची बायको उभी होती. तिला कोणी बोलावलं नव्हतं, पण तिचंच घर लागून, ती जाणार कुठे? उंचबाईंनी नेमकं तिलाच निवडलं. मला म्हणाल्या, यांना विचारा, गोडं पाणी आल्यापासून आयुष्यात काय बदललं.

मी विचारलं. तिने माझ्याकडे बघितलं, मग प्राचार्यांकडे, मग नवऱ्याकडे. आणि अगदी हळू म्हणाली, "सांगा, चांगलं चाललंय म्हणून. तुमचे मास्तर तिकडे आहेत ना. त्यांना त्रास नको व्हायला."

मास्तर, ती आपल्याला सांभाळून घेत होती. मूल जाऊन महिना झाला नव्हता तिचं.

मी उंचबाईंकडे वळले आणि त्यांच्या भाषेत सांगितलं: "ही म्हणते, हे पाणी काल टँकरने आलं. प्लांट नोव्हेंबरपासून बंद आहे. ही गरोदरपणात विहिरीचं खारं पाणी प्यायली आणि हिचं बाळ पोटातच गेलं. पाण्यामुळे गेलं का ते तिला माहीत नाही, कारण कोणी तपासलेलं नाही. तुमच्याकडे आलेल्या बाटल्या या नळाच्या नाहीत. त्या मी भरल्या."

शेवटची दोन वाक्यं तिच्या तोंडी शोभणारी नव्हती, पण एकदा सुरुवात झाल्यावर कोण थांबतंय. प्राचार्यांनाही ती भाषा येते हे मी साफ विसरले होते. ते रुमालाने मान पुसायला लागले ते पुसतच राहिले.

उंचबाईंनी पेला खाली ठेवला. चेहरे बघून पंपवाल्याची बायको मला म्हणाली, "काय सांगितलंत?"

मी सांगितलं.

ती म्हणाली, "माझं बाळ तुम्ही मला न विचारता सांगितलंत." आणि आत गेली. दार लावून घेतलं. पंपवाल्यानेही माझ्याकडे पाहिलं नाही.

तिचं बरोबर होतं. खरं बोलल्याचं जे काय समाधान असतं म्हणतात ते मला त्या दारापाशी मिळालं नाही.

परतताना गाडीत उंचबाई माझ्या शेजारी बसल्या. मग म्हणाल्या, "आकडे जरा जास्तच सारखे होते. मला वाटलं, देखभाल उत्तम आहे. तुम्ही मला कळवलं का नाही?" मी म्हटलं, "माझा नवरा तुमच्याकडे आहे." तुमच्याकडे कामाला आहे, एवढंच मला म्हणायचं होतं. पण त्यांच्या भाषेत ते ओलीस ठेवल्यासारखं ऐकू आलं असावं. त्यांनी पुढे काही विचारलं नाही.

तेव्हापासून प्राचार्य माझ्याशी बोलत नाहीत. स्टाफरूममध्ये मी शिरले की सगळ्यांना तासाची आठवण होते. घरी तुझी आई सारखी म्हणते, आता त्याचं काय होणार. मी आतल्या खोलीत बसून तुझ्या येण्याची वाट बघते. खरंच बघते. चिडून ये, पण ये.


२० मे

मास्तर,

आता काय लिहू? अभिनंदन.

गेल्या आठवड्यात प्राचार्यांनी स्वतः उठून मला खुर्ची दिली तेव्हाच कळलं, काहीतरी बिनसलंय. त्यांच्या टेबलावर विद्यापीठाचा नवा करार होता. अपयश हाही महत्त्वाचा निष्कर्ष असतो, असं सुरुवातीलाच लिहिलंय. म्हणून भागीदारी तीन वर्षं वाढवली. नवा विषय: गोड्या पाण्याचा प्लांट बंद पडल्यावर वस्ती कशी तोंड देते. तिकडचं काम तुझ्याकडे. इकडची समन्वयक मी. आणि पुढे एक वाक्य, जे मी परत परत वाचलं: पहिल्या वर्षी कोणताही हस्तक्षेप न करता निरीक्षण केलं जाईल.

म्हणजे प्लांट दुरुस्त करायचा नाही. दुरुस्त केला तर बघायला काय उरलं? बायकांनी खारं पाणी प्यायचं, नर्सबाईंनी रक्तदाब मोजायचा आणि मी तो तुला कळवायचा. या वेळी खरा.

उंचबाईंनी मला वेगळं लिहिलंय, फार आपुलकीने. "स्वतःची जागा धोक्यात घालून तुमच्या पतींनी तुम्हाला सत्य बोलायला सांगितलं, याबद्दल मला त्यांचा आदर वाटतो."

तू मला बोलायला सांगितलंस. कधी?

फोनवर तू म्हणालास, "मी त्यांना तसं सांगितलं नसतं तर दोघंही बुडालो असतो. शेवटी सगळ्यांच्या भल्याचंच झालं ना?" तुझा आवाज मोकळा होता. इतका मोकळा मी कित्येक महिन्यांत ऐकला नव्हता, आणि खरं सांगते, क्षणभर मलाही बरं वाटलं. मग आईंनी फोन घेतला आणि तीन वर्षं म्हणजे किती लांब असं म्हणून रडल्या आणि लगेच शेजारी बातमी द्यायला गेल्या.

सही करायला प्राचार्यांनी मला वेळ दिलाय. म्हणाले, घाई नाही. त्यांना वाटतं मी भाव खातेय. मी उंचबाईंना लिहिलंय: आधी पडदा बदला, मग मी सही करते. उत्तर आलं, की तुमची भावना समजते, पण त्याने अभ्यासच बाद होईल. दुसऱ्या वर्षी नक्की विचार करू.

मी सही केली तर नळ बंद ठेवण्यावर माझी सही. नाही केली तर करार मोडेल, तू हात हलवत परत येशील, आणि नळ बंदच राहील. फेब्रुवारीत मला वाटायचं की एक दार बंद आहे आणि मी धीर करून ते उघडलं की झालं. उघडलं. पलीकडे खोलीच निघाली.


२४ जून

मास्तर,

हे पत्र शांतपणे वाच.

मी वस्तीवर गेले. पंपवाल्याची बायको दार उघडेल की नाही याची खात्री नव्हती. उघडलं. खुर्ची दिली नाही, पण पायरीवर सरकून जागा केली. मी कराराचा कागद तिला आणि पंपवाल्याला आपल्या भाषेत वाचून दाखवला, सगळा, ते वाक्यसुद्धा. पंपवाल्याने दोनदा विचारलं, म्हणजे मुद्दाम बंद ठेवणार? मी हो म्हटलं. तो उठून प्लांटकडे गेला आणि थोड्या वेळाने परत आला, काही न करता. जाऊन काय करणार होता, हे त्यालाही माहीत नसावं.

बायकोने विचारलं, "तुम्ही सही नाही केली तर मास्तर परत येतील?"

मी म्हटलं, येतील.

"मग करू नका की. तुम्हाला हवेत ना ते?"

मला हो म्हणता आलं नाही. तिने माझ्या पाठीवर हात ठेवला. मी रडले, आणि माझं मलाच नवल वाटलं, की मी तिच्या घरी, तिच्या पायरीवर, तिच्याआधी रडतेय.

निघताना मी तिची माफी मागितली, बाळाचं न विचारता सांगितलं त्याची. ती म्हणाली, "सांगितलंत ते झालं. पण पुढच्या वेळी विचारा." तिच्या शेजारच्या घरात आणखी एक गरोदर आहे, पलीकडच्या गल्लीत दोघी. त्यांची नावं तिनेच मला सांगितली.

दुसऱ्या दिवशी मी प्राचार्यांना कळवलं, सही करणार नाही. घरी येऊन आईंनाही सांगितलं. मला वाटलं त्या आकांडतांडव करतील. त्या भाजी निवडत होत्या, निवडतच राहिल्या. मग म्हणाल्या, "तुला काय वाटतं, मला तो इथे नकोय? पण परत येऊन तो या घरात कसा बसेल, ते डोळ्यांसमोर येतं. मान खाली घालून. ते मला बघवायचं नाही." त्यांच्याही गळ्याशी तीच सुरी आहे, हे मला लग्नानंतर पहिल्यांदा कळलं. त्या दिवशी आम्ही दोघींनी मिळून स्वयंपाक केला.

आणि मग काय झालं ठाऊक आहे? काहीच नाही. प्राचार्यांनी करार वनस्पतिशास्त्राच्या सरांपुढे ठेवला आणि त्यांनी उभ्या उभ्या सही केली. एवढ्यासाठी मी महिनाभर झोपले नव्हते. तुझी तीन वर्षं पक्की आहेत. प्रयोगशाळेची किल्ली माझ्याकडून काढून घेतली, आणि कॉलेजच्या कामासाठी वस्तीवर जायची मला मनाई आहे. मी तुझे तास घेते, घरी येते, बाबांची औषधं देते. आईंनी फोन पुढे केला की "हो, अहो, जेवले" म्हणते. काही बदललेलं नाही, असं तुलाही वाटत असेल.

बदललंय ते एवढंच. उंचबाईंसाठी ज्याने टाकी भरली त्या टँकरवाल्याला मी शोधून काढलं. आता दर शनिवारी तो पाणी घेऊन वस्तीवर जातो. टाकीत नाही ओतत, दारोदार हंडे भरून देतो, आधी गरोदर बायकांच्या घरी. पंपवाल्याची बायको पुढे चालते आणि घरं दाखवते. टँकरच्या पैशांचं मी बघते. कसं, ते विचारू नकोस. मी रजेच्या दिवशी, माझ्या पायांनी, माझ्या ओळखीच्या घरी जाते; त्याला कोणाची मनाई चालत नाही.

यात भलेपणा फार नाही. प्लांट बंदच आहे, आणि एका टँकरने सगळी वस्ती पुरत नाही. मागच्या शनिवारी पलीकडच्या गल्लीत पोचेपर्यंत पाणी संपलं होतं.

पण तुमचा अभ्यास 'कोणताही हस्तक्षेप न करता' आहे. वनस्पतिशास्त्राचे सर प्रामाणिक आहेत, ते जे दिसेल ते लिहितील. तेव्हा पुढच्या महिन्यात तुझ्या टेबलावर जो अहवाल येईल त्यात एक ओळ असेल, की बाहेरची कोणी बाई दर आठवड्याला गोडं पाणी आणून देते, त्यामुळे आकडे भरवशाचे नाहीत. उंचबाई तुला विचारतील, ही कोण?

ती ओळ तू खोडशील, की ही माझी बायको आहे असं सांगशील, ते मला माहीत नाही. मी तुला दोन्हीपैकी काहीच सुचवणार नाही. पण या वेळी तुझ्याऐवजी मी उत्तर देणार नाही.

उद्या शनिवार. टँकरवाला सकाळी लवकर येतो. मी निजते.